दुकानदाराची श्रद्धा

यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचा विषय सूचनाफलकावर लागला, तेव्हा आमच्या तृतीय वर्ष कला वर्गात बऱ्याच जणांनी नाके मुरडली. ‘धंदा करणाऱ्याच्या धार्मिक श्रद्धेला कायद्याने संरक्षण द्यावे’ असा तो विषय होता आणि अभ्यासासाठी अमेरिकेतील इंडियाना राज्याचा २०१५ सालचा कायदा सुचवलेला होता. "आपल्याकडे प्रश्न काय कमी आहेत म्हणून इंडियानाला जायचं?" असे एकाने विचारलेही. राज्यशास्त्राच्या सरांनी त्यावर उत्तर दिले नाही. चिठ्ठ्या पुढे केल्या. माझ्या वाट्याला अनुकूल बाजू आली. म्हणजे इंडियानाचे तेव्हाचे गव्हर्नर माइक पेन्स यांचे वकीलपत्र मला घ्यावे लागणार होते.

माझे स्वतःचे मत त्या बाजूचे नव्हते. पण वादविवादात बाजू आपण निवडत नसतो, आणि न पटणारी बाजू आली की अभ्यास अधिक करावा लागतो. आपल्या मताच्या बाजूने बोलायचे असले की आपण दोन मुद्दे गोळा करतो आणि बाकीचे आवाजावर भागवतो. इथे तसे चालणार नव्हते. महिनाभर मी मिळेल ते वाचले. जे हाती लागले ते स्पर्धेच्या सात मिनिटांत मावण्यासारखे नव्हते, म्हणून हा लेख.

पेन्स यांना खलनायक ठरवणे सोपे आहे. पण माणूस तितका सरळसोट नाही. १९५९ साली इंडियानातील कोलंबस या गावी, आयरिश वंशाच्या आणि केनेडींना मानणाऱ्या कॅथलिक घरात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते डेमोक्रॅट होते. १९८० साली त्यांनी मत दिले ते रेगन यांना नव्हे, कार्टर यांना. महाविद्यालयात असताना १९७८ च्या सुमारास ते इव्हँजेलिकल पंथाकडे ओढले गेले, आणि पुढे आपली ओळख ते आधी ख्रिस्ती, मग परंपरावादी, मग रिपब्लिकन, त्याच क्रमाने, अशी करून देऊ लागले. १९८८ आणि १९९० साली काँग्रेसच्या निवडणुकीत पडले. दुसऱ्या खेपेचा प्रचार फार चिखलफेकीचा झाला होता. त्याबद्दल १९९१ साली त्यांनी स्वतः लेख लिहून जाहीर खेद व्यक्त केला. आपल्याकडचा कोणता पुढारी असे करील, हे मी मनातल्या मनात बरेच दिवस शोधत होते. मग रेडिओवर गप्पांचा कार्यक्रम केला, २००१ ते २०१३ काँग्रेसमध्ये बसले, आणि २०१३ मध्ये गव्हर्नर झाले.

काँग्रेसमधल्या त्या बारा वर्षांत समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा प्रश्न जेव्हा जेव्हा आला, तेव्हा ते विरोधात उभे राहिले. विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचाच, असे घटनेत लिहावे, या मागणीच्या बाजूने ते २००६ साली बोलले. नोकरीत लैंगिक कलावरून भेदभाव करू नये, असे विधेयक २००७ साली आले, त्याच्या विरोधात त्यांनी मत दिले. मालकाच्या धर्मश्रद्धेवर त्याने घाला येईल, हे कारण. समलिंगी सैनिकांनी उघडपणे नोकरी करण्यावरची बंदी २०१० साली उठू लागली, त्यालाही विरोध. परंतु सभागृहात शिव्याशाप देणारा हा पुढारी नव्हे. आवाज मऊ, केस पांढरे, भाषा आर्जवी. ‘आम्ही कोणाच्या विरुद्ध नाही, आम्ही श्रद्धेच्या बाजूचे आहोत’ हा त्यांच्या बोलण्याचा कायमचा सूर.

आता तो कायदा. ‘धर्मस्वातंत्र्य’ या शब्दाने आपली जरा फसगत होण्याचा संभव आहे. आपल्याकडे मध्य प्रदेशाने १९६८ साली ‘धर्म स्वातंत्र्य अधिनियम’ केला, तो बळजबरीने, आमिषाने किंवा फसवणुकीने होणाऱ्या धर्मांतराला बंदी करणारा होता. नाव स्वातंत्र्याचे, काम अटकावाचे. अमेरिकेतल्या याच नावाच्या कायद्यांचा रोख वेगळा आहे. सरकारच्या एखाद्या सर्वसाधारण नियमामुळे कोणाच्या धर्माचरणावर मोठा भार पडत असेल, तर तो भार टाकल्यावाचून भागतच नाही, हे सरकारने सिद्ध करावे, असे ते कायदे सांगतात.

त्याचे मूळ फार साध्या जागी आहे. ओरेगन राज्यात व्यसनमुक्तीच्या एका संस्थेत दोन माणसे नोकरीला होती. मूळ अमेरिकन लोकांच्या चर्चच्या विधीत पेयोटी नावाच्या निवडुंगाचा तुकडा प्रसादासारखा खातात. तो त्यांनी खाल्ला. पेयोटी कायद्याने मादक पदार्थ, म्हणून नोकरी गेली आणि बेकारभत्ताही नाकारला गेला. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला: कायदा सर्वांना सारखा असेल, तर धर्माच्या नावाने त्यातून सूट मागता येणार नाही. या निकालाने उजवे-डावे, ख्रिस्ती-ज्यू, सगळेच हादरले. आज उजव्यांचा मानला जाणारा हा कायदा १९९३ साली सेनेटमध्ये ९७ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला आणि त्यावर डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा केंद्रीय कायदा राज्यांना लागू होत नाही असे ठरवल्यावर एकेका राज्याने आपापला कायदा करायला सुरुवात केली.

या कायद्याने भले झालेच नाही असे म्हणता येणार नाही. ह्यूस्टनमध्ये केंद्रीय करखात्यात काम करणाऱ्या एका शीख महिलेला कृपाण बाळगते म्हणून नोकरी गमवावी लागली. तिने याच कायद्याचा आधार घेतला आणि २०१३ साली अपील न्यायालयाने तिचा दावा पुन्हा ऐकायला लावला. ज्यांची संख्या थोडी, ज्यांचे विधी नियम करणाऱ्यांच्या डोक्यातही येत नाहीत, अशांसाठी ही ढाल होती. इथवर मला वकीलपत्र जड गेले नाही.

इंडियानात मात्र ढालीचा आकार बदलला. तिथे ६ ऑक्टोबर २०१४ पासून समलिंगी विवाहांचा मार्ग मोकळा झाला होता. न्यायालयाने बंदी रद्द ठरवली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील ऐकायला नकार दिला होता. त्यानंतर साडेपाच महिन्यांत हा कायदा आला. त्यात जुन्या केंद्रीय कायद्याच्या शब्दांत नसलेल्या दोन गोष्टी होत्या. पहिली, नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यालाही ‘व्यक्ती’ मानून त्याची श्रद्धा जपावी. दुसरी, सरकार खटल्यात पक्षकार नसले, दोन खासगी माणसांचा तंटा असला, तरीही ही ढाल पुढे करता यावी. या दुसऱ्या गोष्टीमागे न्यू मेक्सिको राज्यातला एक खटला होता. त्याच्याकडे पुढे येते.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली आणि ती कळल्यावर सगळे प्रकरण वेगळेच दिसू लागले. इंडियानाच्या राज्यव्यापी कायद्यात लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाईच नव्हती. इंडियानापोलिससारख्या काही शहरांनी तसे स्थानिक नियम केले होते तेवढेच. म्हणजे बहुतेक गावांत समलिंगी गिऱ्हाईकाला परत पाठवायला दुकानदाराला धर्माची सबब लागतच नव्हती. भीती होती ती, जिथे थोडे संरक्षण मिळाले होते तिथले ते जाण्याची.

२६ मार्च २०१५ रोजी पेन्स यांनी सही केली. समारंभ बंद दाराआड झाला, पत्रकारांना आत घेतले नाही. नंतर कार्यालयाने एक छायाचित्र प्रसिद्ध केले. मी फोटोग्राफरची मुलगी. ग्रुप फोटो दिसला की कोण कोणाच्या शेजारी उभा आहे हे आधी बघायची मला सवय आहे. अण्णा म्हणतात, लग्नाच्या ग्रुपमध्ये कोण पुढे सरसावते त्यावरून घरात कोणाचे चालते ते कळते. या फोटोत टेबलाशी गव्हर्नर बसलेले; भोवती झग्यातल्या नन, मठवासी साधू, काळ्या पोशाखातले ज्यू धर्मगुरू; आणि मागे सुटातली काही मंडळी. त्यांतले काही जण समलिंगी विवाहाविरुद्ध वर्षानुवर्षे मोहीम चालवणाऱ्या संघटनांचे पुढारी होते, हे वर्तमानपत्रांनी लगेच हुडकून काढले. कायदा भेदभावासाठी नाही असे पेन्स पुढचा आठवडाभर सांगत राहिले. मी भाषणात तेच सांगितले. पण फोटो पाहिलेल्या माणसाला ते पटवणे कठीण होते.

(त्याच दिवशी त्यांनी आणखी एका कागदावर सही केली, हे नमूद करायला हवे. राज्याच्या दक्षिणेकडील स्कॉट परगण्यात अमली औषधाच्या सुया एकमेकांच्या वापरल्यामुळे एचआयव्हीची साथ पसरली होती. नव्या सुया वाटण्याला पेन्स यांचा तत्त्वतः विरोध होता. तरी आणीबाणी जाहीर करून तीस दिवसांपुरती त्यांनी परवानगी दिली. समोर आजारी माणसे दिसली की हा माणूस तत्त्वाला थोडी मुरड घालू शकत होता.)

पुढे जे वादळ उठले त्याची हकीकत थोडक्यात सांगते, कारण मला त्यात फारसे कौतुक वाटत नाही. ॲपलच्या टिम कुक यांनी लेख लिहिला, सेल्सफोर्स कंपनीने राज्यातले कार्यक्रम रद्द करण्याची भाषा केली, काही राज्यांनी आपल्या नोकरांना इंडियानाला जायला मनाई केली. महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या अंतिम फेऱ्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इंडियानापोलिसलाच होत्या. तिथल्या ‘इंडियानापोलिस स्टार’ या वर्तमानपत्राने तर ‘हे ताबडतोब दुरुस्त करा’ अशा अर्थाचे तीन शब्द अख्ख्या पहिल्या पानावर छापले. २ एप्रिलला दुरुस्ती झाली: या कायद्याच्या आधारे लैंगिक कलावरून सेवा नाकारता येणार नाही. आठवड्यात कायदा, आठवड्यात दुरुस्ती. ज्या माणसाला दुकानातून परत पाठवतात त्याच्या म्हणण्याने हे झाले असते तर बरे वाटले असते. ते झाले पाहुणे परत जातील आणि हॉटेले रिकामी राहतील या धसक्याने. मूळ कायद्यातली उणीव, म्हणजे राज्यभर मनाई नसणे, ती तशीच राहिली. २०१६ साली तसे विधेयक सेनेटमध्ये आले, पण मतदानाला न येताच बारगळले.

दुरुस्तीच्या आधी, २९ मार्चला, दूरचित्रवाणीवर जॉर्ज स्टेफानोपोलस यांनी पेन्स यांना एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला: इंडियानातल्या फुलवाल्याला समलिंगी जोडप्याला फुले नाकारता येतील का, हो की नाही? पेन्स यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. आमच्या सरांनी ती मुलाखत वर्गात दाखवली. सगळे हसले. मला हसू आले नाही, कारण मला त्याच माणसाच्या वतीने उत्तर तयार करायचे होते.

ते उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधल्या लेखात आपल्या परीने दिले. एखाद्या हॉटेलवाल्याने समलिंगी जोडप्याला वाढायला नकार दिलेला मी पाहिला, तर मी त्या हॉटेलात पुन्हा जेवणार नाही, असे त्यांनी लिहिले.

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले. मला ते प्रामाणिक वाटले, अजूनही वाटते. चांगला माणूस असेच करील. पण ज्यांना उठवले ते जोडपे त्या रात्री कुठे जेवले, हे त्या वाक्यात कुठेच नाही. गव्हर्नर त्या हॉटेलात जेवणार नाहीत. जोडपेही तिथे जेवणार नाही. हॉटेल चालू.

हा भेद आपल्याला कोणी अमेरिकेतून येऊन समजावण्याची गरज नाही. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली बोल्यांचा ठराव मंजूर केला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाले, सदिच्छा झाल्या, पाणी मात्र मिळाले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसे तळ्यावर गेली तेव्हा त्यांना मार खावा लागला, आणि कोर्टातला शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. महाडमध्ये त्या वेळी भले सवर्णही होतेच. त्यांतले काही बाबासाहेबांच्या बरोबर उभे राहिले. परंतु त्यांच्या भलेपणाच्या भरवशावर रोजची घागर भरता येत नाही.

म्हणूनच असेल, घटना लिहिताना ‘दुकान’ हा शब्द बाबासाहेबांनी मुद्दाम मोठा करून घेतला. आज जे कलम १५ (२) आहे त्यावर २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत चर्चा झाली. धुलाईची दुकाने, केशकर्तनालये यात येतात का, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांचे उत्तर असे की ‘दुकान’ म्हणजे नुसते आत पाऊल टाकायला मिळणे नव्हे. जो कोणी आपली सेवा देऊ करतो तो यात आला, आणि सेवेच्या अटी ठरल्या की त्याने ती द्यावी. त्या कलमात लैंगिक कल हा शब्द नाही; ‘लिंग’ आहे. लिंगावरून भेद या शब्दांत लैंगिक कलावरून होणारा भेदही येतो, असे ६ सप्टेंबर २०१८ च्या ३७७ कलमावरील निकालपत्रात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी लिहिले आहे.

पण माझी बाजू अनुकूल होती, आणि तिच्यासाठी मला सर्वांत भक्कम मुद्दा मिळाला तो आमच्याच स्टुडिओत.

तालुक्याच्या गावी बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. अण्णा माळकरी. साखरपुडा, हळद, लग्न, शादी, जावळ, डोहाळजेवण, सगळ्या ऑर्डरी घेतात. कंदुरीची ऑर्डर घेत नाहीत. ज्या घरचे लग्न त्यांनी काढले, त्याच घरी नवसाचे बोकड कापले जाणार असेल तर हात जोडून सांगतात, "गळ्यात माळ आहे, तेवढं नका सांगू." यावर आजवर कोणी रागावले नाही. उद्या कायद्याने अण्णांना कंदुरीला उभे केले, तर मला ते अन्यायाचे वाटेल. मी स्पर्धेत हे सांगितले. सभागृहात माझ्यासारखी माळकऱ्यांच्या घरची मुले बरीच असावीत, टाळ्या पडल्या. आमचा दुसरा क्रमांक आला तो कंदुरीमुळे, असे परीक्षक नंतर म्हणाले.

कोलोरॅडोतल्या एका केकवाल्याचेही असेच म्हणणे होते. २०१२ साली एका समलिंगी जोडप्याला तो म्हणाला, दुसरे काहीही न्या, लग्नाचा केक करणार नाही. माणूस नाकारत नाही, काम नाकारतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला, पण तो राज्याच्या आयोगाने त्याच्या धर्माबद्दल तुच्छतेने बोलल्यामुळे. मूळ प्रश्न बाजूलाच ठेवला. २०२३ साली संकेतस्थळे तयार करणाऱ्या एका स्त्रीच्या खटल्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे ६ विरुद्ध ३ मतांनी सूट मान्य झाली. तेव्हा पेन्स यांची बाजू अमेरिकेच्या न्यायालयात हरलेली नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

तरी कंदुरीच्या आणि केकच्या उदाहरणांत एक फरक आहे. तो प्रतिपक्षाच्या वक्त्याला सुचला नाही, म्हणून इथे देते. अण्णा कंदुरी कोणाचीच काढत नाहीत. पाटलाची नाही, सरपंचाची नाही, सख्ख्या मेहुण्याची नाही. केकवाला लग्नाचे केक रोज करतो. या दोघांसाठीच करत नाही. दक्षिण कॅरोलायनात भाजलेल्या मांसाची हॉटेले चालवणारा एक मालक होता. काळ्या गिऱ्हाइकांना तो मागच्या खिडकीतून पुडा देई, आत बसू देत नसे, आणि कोर्टात सांगे की वर्णसंकर माझ्या धर्माला मान्य नाही. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव विचारात घेण्याच्या लायकीचाही मानला नाही. खिडकीतून पुडा, वेगळी कपबशी, वेगळा पेला: आपल्याकडच्या चहाच्या टपऱ्यांवर आमच्या आजोबांच्या पिढीने हे सगळे पाहिले आहे, आणि त्यालाही धर्मच म्हणत असत.

भाषणाची तालीम वर्गात झाली त्या दिवशी एका मित्राने मला बाजूला घेऊन विचारले, "तुझ्या त्या कायद्यात दुकानावर पाटी लावायची असते का? म्हणजे आत जाण्याआधी कळतं का?" मी सांगितले, तशी पाटी नव्हती, उलट २०१५ मध्ये इंडियानातल्या कितीतरी दुकानदारांनी ‘हे दुकान सर्वांना सेवा देते’ अशी चिठ्ठी आपण होऊन काचेवर चिकटवली होती. तो म्हणाला, "मग चिठ्ठी नसलेल्या दुकानात जायचं की नाही?" त्याने हे का विचारले ते मी विचारले नाही. पण भाषणातले ‘अशी प्रकरणे विरळाच घडतात’ हे वाक्य मी त्या रात्री खोडले. प्रकरणे विरळा घडत असतीलही. प्रत्येक उंबऱ्यावर थबकणे रोजचे असते.

आता तो न्यू मेक्सिकोचा खटला. तो फोटोग्राफरचाच, म्हणून मी अण्णांना सगळा सांगितला. २००६ साली एका स्त्रीने ईमेलने विचारणा केली: आम्हा दोघी स्त्रियांचा एकत्र राहण्याचा समारंभ आहे, फोटो काढाल का? फोटोग्राफर बाईंनी कळवले, आम्ही पारंपरिक लग्नेच काढतो.

"बयाणा घेतला होता का तिनं?" अण्णांचा पहिला प्रश्न.

"नाही."

"मग नाही म्हणायला मोकळी होती. मी नाही का सांगत, तारीख नाही म्हणून."

मग मी पुढचे सांगितले. काही दिवसांनी त्या स्त्रीच्या जोडीदारणीने, लग्न कोणाचे ते न लिहिता, दुसरी ईमेल पाठवली. तिला दरपत्रक आले आणि भेटायला या असे निमंत्रणही आले. २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव ठरवला, आणि राज्याचा धर्मस्वातंत्र्य कायदा दोन खासगी माणसांच्या तंट्यात लागू होत नाही असे सांगितले. इंडियानाने नेमकी ती फट बुजवली होती.

अण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तारीख होती तिच्याकडं."

त्यांना काय आठवले ते मला कळले, पण त्यांनी ते बोलून दाखवले नाही. दादा पुण्याला स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासाला गेला त्या वर्षीची गोष्ट. एका घरमालकिणीने खोली दाखवली, भाडे ठरले, मग आडनाव विचारले. ते ऐकल्यावर त्यांना आठवण झाली की खोली सकाळीच कोणाला तरी कबूल केली आहे. संध्याकाळी दादाच्या मित्राने फोन केला. त्याचे आडनाव वेगळे. "रिकामी आहे, केव्हाही या," असे उत्तर आले.

तो मित्र संतापला. असल्या घरात पाय ठेवणार नाही म्हणाला आणि खरोखरच ती खोली त्याने घेतली नाही. पेन्स हॉटेलबद्दल म्हणाले होते, तसेच तो वागला. दादा त्यानंतर तीन आठवडे एका वसतिगृहात ओळखीच्याच्या खाटेखाली पथारी टाकून राहिला.